देवळालीचा ताप

महिनाअखेरचा कॉल चालू होता. पलीकडे इंग्लंडमधली आमची एक सहकारी, अलीकडे आम्ही चौघं, आणि मध्ये एक न जुळणारा आकडा. तिसऱ्यांदा तोच फरक आला तेव्हा ती बाई सुस्कारा टाकून म्हणाली, "आय अॅम गोइंग डूलॅली." सगळे हसले. मीही हसले, कारण कॉलवर सगळे हसले की हसायचं असतं. मला शब्द कळला नव्हता. माझं डोकं आता फिरणार, असं काहीतरी ती म्हणाली असावी एवढा अंदाज आला.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून एका हाताने मोबाइलवर तो शब्द शोधला आणि घास तसाच राहिला. डूलॅली म्हणजे देवळाली. आपली, नाशिकजवळची. माझ्या आत्याची देवळाली.

लहानपणी मे महिन्यात आम्ही ठाण्याहून भुसावळ पॅसेंजरने तिच्याकडे जायचो. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिन लागायची, मग घाट, बोगदे, बोगद्यात ओरडणं, इगतपुरीला वडे. त्यापुढची स्टेशनं मला अजून पाठ आहेत: घोटी, पाडळी, अस्वली, लहवीत, देवळाली. लहवीत गेलं की आई पिशव्या दाराशी आणायची. आत्याचं घर कॅम्पात होतं. देवळाली गाव वेगळं, ते नाशिकरोडला चिकटून, आणि कॅम्प वेगळा, हे तिथल्या रिक्षावाल्याला आधी स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो भलतीकडेच नेतो. कॅम्पात रुंद सावलीचे रस्ते, कौलारू बंगले आणि दुपारच्या शांततेत मध्येच धडाड असा आवाज. तोफखान्याची शाळा जवळच असल्यामुळे सराव चालायचा. आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच सैल होती, ती प्रत्येक बाराला थरथरायची. आत्या पोळी लाटता लाटता त्या काचेकडे न बघता हाताच्या मुठीने चौकटीवर एक ठोसा द्यायची, की काच गप्प.

एवढ्या निवांत गावाच्या नावाचा इंग्रजीत अर्थ वेड लागणं?

त्याची गोष्ट अशी आहे. गोऱ्या शिपायाची हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपली की त्याला कुठल्याही छावणीतून देवळालीला धाडत. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर चढली, त्यामुळे मुंबई बंदर एका प्रवासावर आलं होतं, आणि हवा मुंबईपेक्षा कितीतरी बरी. शिपायाने इथे सामान जमा करायचं आणि विलायतेला जाणाऱ्या जहाजाची वाट बघायची. पण सैन्याची जहाजं बारमाही नव्हती. यूफ्रेटिस, जमना, मलबार अशा नावांच्या त्या बोटी साधारण हिवाळ्याच्या हंगामात, मार्चपर्यंतच ये-जा करायच्या. ज्याची मुदत नोव्हेंबरात संपली तो सुटला. ज्याची एप्रिलात संपली त्याने अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा देवळालीत काढायचा.

आणि करायचं काय? कवायत नाही, मोहीम नाही, कुणी फारसं विचारत नाही. दारू आहे, ऊन आहे, डास आहेत, हिवताप आहे. दहा-दहा वर्षं बिगुलावर उठणाऱ्या-झोपणाऱ्या माणसाला एकदम सांगितलं की आता काहीही करू नकोस, फक्त थांब, तर तो काय करेल? काहीजण एकटेच बडबडत, काहीजण मारामाऱ्या करत, कुणी घरी जायच्या आधी तुरुंगात जाई. अशा शिपायाला बाकीचे म्हणू लागले, ह्याला 'डूलॅली टॅप' झालाय.

हा 'टॅप' बघून मी डबा बंदच केला. टॅप म्हणजे नळ नव्हे. टॅप म्हणजे ताप! शब्दकोश त्याला हिंदुस्थानी शब्द म्हणतात. म्हणोत बापडे. गाव आपलं, ताप आपल्याकडेही तापच, आणि डोक्याला होणारा जो ताप असतो तो तर मराठी माणसाने रोज जगलेला आहे. देवळाली ताप. पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत हा शब्द सगळ्या ब्रिटिश सैन्यात पसरला, युद्धानंतरच्या सैनिकी शब्दांच्या कोशांत छापला गेला, मग सैन्यातून घरात आला. घरात येताना ताप गळून पडला आणि गाव तेवढं उरलं. आज महिनाअखेरचे आकडे जुळत नाहीत म्हणून ते उच्चारणाऱ्या बाईला आपण महाराष्ट्रातल्या एका रेल्वे स्टेशनचं नाव घेतोय याची गंधवार्ता नसते. 'ळ' तर तिला म्हणताही यायचा नाही. गावाच्या नावातला सगळ्यात गोड ऐवज तोच, आणि तोच नेमका वाटेत सांडला.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मागे कुकर चालू होता.

"आत्या, इंग्रजीत वेड लागणं याला देवळाली म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"इंग्रज."

एक शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "त्यांना लागलं असेल. त्यात गावाचा काय दोष? आमच्याकडे लोक बरे व्हायला यायचे गं."

ते खरंच आहे. मुंबईतले पारशी, गुजराती, सिंधी, छातीचं दुखणं असलेले, डॉक्टरांनी हवापालट सांगितलेले लोक देवळालीला येत. त्यांच्यासाठी बांधलेली सॅनिटोरियम आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. आत्या लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासऱ्यांकडे अशाच एका पारशी कुटुंबाचं दुधाचं खातं होतं. म्हणजे एकाच गावात, एकाच हवेत, एकजण हवा खायला येऊन महिनाभरात गालावर लाली घेऊन परत जायचा आणि दुसऱ्याला तीच हवा वेड लावायची. हवा खायला आलेल्या माणसाच्या खिशात परतीचं तिकीट असतं, एवढाच काय तो फरक.

त्याच शिपायाने आपल्याकडून आणखी एक शब्द नेला, तो मला डूलॅलीचा जुळा भाऊ वाटतो. 'ब्लायटी'. मायदेशाला, इंग्लंडला तो ब्लायटी म्हणायचा. मूळ शब्द विलायत, विलायती. हिंदुस्थानातली माणसं विलायती कपडा, विलायती माणूस म्हणत, ते ऐकून त्याने स्वतःच्या देशाला आपल्या शब्दातून हाक मारायला सुरुवात केली. पुढे फ्रान्सच्या खंदकांत जखम अशी झाली की मरण नाही पण घरी पाठवतील, तर त्या जखमेलाही ब्लायटी म्हणत आणि मिळावी म्हणून देवाला विनवत. आरामाच्या नोकरीला ते 'कुशी' म्हणत, ती आपली खुशी. 'डेको' घेणं म्हणजे नजर टाकणं, ते आपलं देखो. पण जुळे ते दोनच. ब्लायटी म्हणजे जिथे जायचंय ते, आणि डूलॅली म्हणजे जिथे अडकलोय ते.

या नादात मी जुन्या अँग्लो-इंडियन शब्दांत शिरले आणि तिथे मुंबई भेटली, तीही भलत्या वेषात. १८८६ साली छापलेल्या हॉब्सन-जॉब्सन कोशात 'डक' या शब्दाखाली लिहिलंय की मुंबई इलाख्यातल्या साहेबांना डक म्हणजे बदक म्हणत. मद्रासवाले ते 'मल', त्यांच्या मुलगटानी सारावरून. बंगालवाले ते 'क्वी-हाय', कारण दिवसभर नोकराला "कोई है?" म्हणून हाका मारायचे. आणि मुंबईवाले बदक का, तर 'बॉम्बे डक' खातात म्हणून. बॉम्बे डक म्हणजे सुका बोंबील! तीन इलाख्यांपैकी दोघांना खाण्यावरून नाव पडलं आणि तिसऱ्याला आळसावरून. टोपणनाव कसं पडतं याचा याहून प्रामाणिक नमुना मला माहीत नाही.

पण बोंबलाला बदक का म्हणायचं? याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर दर पावसाळ्यात येतं. मुंबईहून निघणाऱ्या डाकगाडीतून सुके बोंबील जायचे, गाडीला वास यायचा, म्हणून साहेब 'बॉम्बे डाक' म्हणू लागले, त्याचं डक झालं. ऐकायला गोष्ट झकास आहे. अडचण अशी की आपल्याकडे पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती १६ एप्रिल १८५३ ला, आणि 'बॉम्बे डक' हा शब्द छापील इंग्रजीत त्याच्या कितीतरी आधी, १८१६ मध्ये आहे. म्हणजे डाकगाडी यायच्या आधीच बोंबील बदक झाला होता. शब्दाची जन्मकथा फार नीटनेटकी असली, सगळे धागे जुळत असले, की मला आता संशय येतो. खऱ्या कथेत एखादा धागा लोंबतच असतो.

आपल्याकडचंच घ्या. वेड पांघरून पेडगावला जाणे. पेडगाव खरं आहे, श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी. तिथला किल्ला बहादूरगड, आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. आत यादवकाळातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ इतकं देखणं आहे की कुणी शहाणपण पांघरूनही तिथे जावं. गावकरी गोष्ट सांगतात ती १६७४ ची. राज्याभिषेक नुकताच झाला होता, खजिना रिता होता. पेडगावला मोगल सरदार बहादूरखान तळ देऊन बसला होता. मराठ्यांच्या एका तुकडीने वेड्यासारखं चाल करून आल्याचं सोंग केलं, खान पाठलागावर निघाला, ते पळत राहिले, आणि दुसऱ्या मोठ्या तुकडीने मागे रिकाम्या छावणीत घुसून एक कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे नेले. लूट झाली हे खरं. पण म्हण त्यावरूनच पडली का? मला वाटतं, कुणा खट्याळ माणसाला वेडाला यमक हवं होतं आणि पेडगाव हाताशी होतं. यमकाने गावाचा बळी दिला आणि इतिहासाने मागून येऊन त्याला दागिने घातले.

देवळालीच्या बाबतीत मात्र यमक नाही, लूट नाही. नुसती वाट बघणं आहे. आणि हे मला इतकं लागलं त्याचं कारण वेगळंच आहे. मी ठाण्याची.

ठाणेकराला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. कॉलेजला पुण्यात गेले तेव्हा पहिल्याच दिवशी होस्टेलवर कुणीतरी विचारलं, कुठली? म्हटलं, ठाण्याला असते. लगेच प्रश्न आला, "आत की बाहेर?" सगळी खोली हसली. मला वाटलं हा विनोद त्या मुलीने आत्ताच केला. मग कळलं की तो माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. ठाण्याला पाठवायला हवं, ठाण्याला जागा बघा, ठाण्याहून सुटलाय, ही अख्ख्या मुंबईची आवडती वाक्यं. १९०१ पासून इथे वेड्यांचं इस्पितळ आहे, आता त्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणतात. महापालिकेच्या कमानीवर 'तलावांचं शहर' लिहिलंय, आणि ते खोटं नाही, मासुंदा आहे, कचराळी आहे, उपवन आहे, संध्याकाळी तलावपाळीला भेळ खाल्ल्याशिवाय ठाणेकर मोठा होत नाही. पण कमानीवरचं नाव आपण स्वतः स्वतःला दिलेलं असतं. लोकांनी दिलेलं नाव कमानीवर लिहीत नाहीत.

पुण्यात मी त्या मुलीचा सूड घेतला. पुण्यात वेड्याला ठाण्याला नाही, येरवड्याला पाठवतात. आणि गंमत म्हणजे येरवड्यालाच तुरुंगही आहे, १८७१ पासूनचा. त्यामुळे पुण्यात "हा येरवड्याला जाणार" म्हटलं की माणूस वेडा आहे की चोर, हे आवाजावरून ओळखावं लागतं. त्याच तुरुंगातून १९३० मध्ये गांधी आश्रमाला पत्रं लिहीत तेव्हा वर पत्ता लिहीत, येरवडा मंदिर. पेटीत घडी घालून ठेवता येणारा चरखा तिथेच सुधारला गेला, त्याचं नाव येरवडा चक्र. दोन वर्षांनी, १९३२ च्या सप्टेंबरात, पुणे करार झाला तो तिथेच. म्हणजे त्या गावाच्या नावाला मंदिर हाही अर्थ चिकटवून पाहिला गेला होता. टिकला नाही. लोकांनी ठेवला तो वेडाचा आणि गजाआडचा.

कोकणातले म्हणतात रत्नागिरीला पाठवा. नागपुरात पागलखाना चौक आहे आणि त्या चौकात रोज शहाणी माणसं सिग्नलला थांबतात. ही राज्यातली जुनी चार इस्पितळं आणि चारही गावांच्या नावांना हा वास. हिंदीवाल्यांचं आगरा आणि रांची. चेन्नईत किळपाक म्हटलं की पुरे. इंग्रजांचं तर सगळ्यात थोर. लंडनला १२४७ मध्ये सेंट मेरी ऑफ बेथलेहेम नावाचा मठ निघाला, त्याचं पुढे वेड्यांचं इस्पितळ झालं, लोक बेथलेहेमचं बेडलम म्हणू लागले आणि आज बेडलम म्हणजे नुसता गोंधळ. जिथे येशू जन्मला त्या गावाचं नाव अशा रीतीने बोंबाबोंबीला मिळालं. त्यापुढे देवळालीची काय कथा.

ठाण्यात आम्ही स्वतः इस्पितळाचं नाव घेत नाही, 'मेंटल' म्हणतो. बसथांबाही मेंटल. मी शाळेत असताना बसमध्ये कंडक्टर ओरडायचा, "मेंटल! मेंटल कोण आहे?" आणि मागून एखादी बाई भाजीची पिशवी सावरत घाईघाईने उठायची, "मी, मी मेंटल! थांबवा!" कुणी हसायचं नाही. जे बाहेरच्यांना विनोद वाटतं ते आतल्यांना थांबा असतो. आता ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवं रेल्वे स्टेशन होतंय ते इस्पितळाच्याच जागेवर. त्याला काय नाव द्यायचं याच्या बैठका होत राहतील. लोक काय म्हणतील ते मी आजच सांगू शकते.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी त्या थांब्यावर उभी होते. रिक्षा मिळत नव्हती. बाजूला एक साठीचे गृहस्थ होते, पांढरी टोपी, हातात रिकामा स्टीलचा डबा, झाकणाला रबर लावलेलं. स्टेशनला कुठली बस जाते, विचारलं. मी सांगितलं. बोलता बोलता कळलं, मुरबाडच्या पलीकडून आले होते. मुलगा आत आहे. चार वर्षं झाली. डब्यातून गुळाची पोळी आणली होती, त्याने खाल्ली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"घरी नेणार का?" मी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, आपल्याला काय करायचंय.

"डॉक्टर म्हणतात, बघू. औषध लागू पडलं तर." मग त्यांनी डब्याचं रबर काढून परत लावलं. "गावात कोण विचारलं तर आम्ही सांगतो, पोरगा ठाण्याला असतो. लोकांना वाटतं, कंपनीत लागला. खोटं तर नाही ना बाई ते?"

"नाही," मी म्हटलं.

पाऊस वाढला तसे आम्ही दोघं थांब्याच्या पत्र्याखाली आत सरकलो. पत्र्यावर इतका आवाज होता की त्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

"तुम्ही कुठं असता?"

"ठाण्यालाच."